ओळ वाचा, मग विणा : कलेच्या तासाला विणकाम शिकवताना

पहिल्यांदा एका वर्गाला विणकाम शिकवलं तेव्हा मी मुलांना एक ठेका दिला होता : वर, खाली, वर, खाली. चाळीस मुलं एका सुरात म्हणत होती, हात चालत होते, मला वाटलं जमलं. तेवढ्यात कुणीतरी दारात येऊन सूचना वाचून दाखवली. दोन मिनिटांत सूचना संपली, पण अर्ध्या वर्गाला आपण 'वर'वर थांबलो होतो की 'खाली'वर, तेच आठवेना. ज्यांना आठवतंय असं वाटलं त्यांनीही बिनधास्त उलटं सुरू केलं. तासाच्या शेवटी माझ्या टेबलावर सोडवायला आलेल्या पुठ्ठ्यांची चळत जमली होती.

तेव्हापासून तो ठेका बंद केला. आता मी मुलांना आधी विणलेलं वाचायला शिकवते. म्हणजे समोरच्या धाग्यांकडे बघून पुढची ओळ कशी जाणार हे सांगता आलं पाहिजे, मग मध्ये सूचना येवो की आठवड्याची सुट्टी. पुढचा सगळा क्रम त्याच हिशेबानं लावलेला आहे. तुम्हाला स्वतःला विणकाम येत नसलं तरी अडत नाही. फक्त वर्गात जाण्याआधी एक नमुना आपल्या हातानं शेवटपर्यंत पूर्ण करा. तुम्हाला जिथे कंटाळा आला किंवा राग आला, मुलंही बरोबर तिथेच अडकणार आहेत.

आधी उसवायचं

पहिल्या तासाला काहीच विणू नका. गोणपाटाचे साधारण १० सेंमीचे चौकोनी तुकडे कापून दोघांत एक असे वाटा आणि धागे ओढून काढायला सांगा. मुलांना उसवायला फार आवडतं, आणि एरवी त्यांना ते कुणी करू देत नाही. दोन-चार धागे निघाले की त्यांच्याच लक्षात येतं की काही धागे उभे आहेत, काही आडवे, आणि प्रत्येक धागा दुसऱ्या दिशेच्या धाग्यांच्या आळीपाळीनं वरून आणि खालून गेलाय. नावं आत्ताच सांगून टाका : उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताणा आधी ताणून बसवलेला असतो, बाणा त्यातून फिरतो.

इथे मराठीचा एक घोळ आहे, तोही उघड करून टाका. आपण स्वेटर विणतो, जाळं विणतो, टोपली विणतो आणि कापडही विणतो, क्रियापद एकच. त्यामुळे एखादं मूल हमखास म्हणतं, "आमच्याकडे आजी दोन सुयांवर विणते, तसंच ना?" तसं नाही. स्वेटर किंवा टी-शर्ट म्हणजे एकाच धाग्याचे एकात एक अडकवलेले फासे. म्हणून टी-शर्ट ओढला की ताणला जातो आणि गोणपाट त्याच्या धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर जेमतेम हलतं. ते तिरकं, कोपऱ्यांना धरून ओढायला लावा. तेव्हा मात्र चौकोनाची शंकरपाळी होते. का होते ते मुलांनाच सांगू द्या.

भिंग मिळालं तर जीन्सच्या कापडावर ठेवा. त्यावर तिरक्या रेघा दिसतील. त्याचं कारण आज सांगायचं नाही, नुसतं दाखवून ठेवायचं.

कागदाचा तास

कागदाचं विणकाम म्हणजे बालवाडीचा उद्योग, असं समजून वरचे वर्ग ते गाळतात. बालवाडीशी त्याचं नातं जुनं आहे हे खरं. फ्रीडरिश फ्रोबेलनं १८३७ मध्ये जर्मनीत ज्या कामाला सुरुवात केली आणि ज्यातून 'किंडरगार्टन' उभं राहिलं, त्याच्या हस्तउद्योगांमध्ये रंगीत कागदपट्ट्यांचं विणकाम होतं. पण मोठ्या मुलांनाही हा एक तास द्याच. कागदात वीण मोठी आणि दोन रंगांत दिसते, त्यामुळे वाचायला शिकण्यासाठी याहून सोपं पुस्तक नाही.

ए-फोर आकाराचा कागद मधोमध दुमडा. उघड्या कडेपासून २ सेंमी आत एक रेघ मारा. आता घडीच्या बाजूनं त्या रेघेपर्यंत, दर २ सेंमीवर काप द्या. उलट बाजूनं कापायला सुरुवात केली तर कागदाच्या सुट्या पट्ट्या हातात येतात, आणि दर वर्गात चार-पाच मुलं ते करतातच. जास्तीचे कागद जवळ ठेवा. कागद उलगडला की ताणा तयार. दुसऱ्या रंगाच्या २ सेंमी रुंद पट्ट्या म्हणजे बाणा.

तीन पट्ट्या घालून झाल्या की टाळी वाजवा आणि अर्धवट कामासकट कागद शेजाऱ्याशी बदलायला लावा. शेजाऱ्यानं एक शब्द न बोलता पुढची पट्टी बरोबर घालायची. सुरुवातीला गोंधळ होईल. मग फळ्यावर एवढंच लिहा : आधीच्या ओळीचा पहिला चौकोन बघ. तिथे बाणा दिसत असेल तर आता तो लपव, लपलेला असेल तर दाखव. दोन-तीन टाळ्यांनंतर वर्गात ठेक्याची गरज उरत नाही. हा अदलाबदलीचा खेळ मी पुढे दोऱ्यावरही खेळते. मात्र तिथे मुलांचा जीव आपापल्या कामात अडकलेला असतो, म्हणून परवानगी विचारूनच.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी कागदच दोन तास पुरवा. दुसऱ्या तासाला ताण्याचे काप सरळ न देता नागमोडी द्या. वीण तीच, चित्र मात्र एकदम वेगळं.

पुठ्ठ्याचा माग

आठ-नऊ वर्षांपासून पुढे पुठ्ठ्यावर खरा दोरा चालतो. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या, वहीच्या पाठीचा पातळ पुठ्ठा नको, तो पहिल्याच ओळीला वाकतो. आकार २० सेंमी उंच, १५ सेंमी रुंद. कापण्याआधी पुठ्ठ्याची कड बघा : आतल्या पन्हळी उभ्या, म्हणजे ताण्याच्या दिशेनं असल्या पाहिजेत. ताणा वरची आणि खालची कड एकमेकींकडे खेचत असतो. पन्हळी आडव्या असल्या तर पुठ्ठ्याला तिथेच घडी पडते. एका वर्षी मी हे न बघता सगळा गठ्ठा कापला होता. दुसऱ्या आठवड्यात सगळे माग धनुष्यासारखे वाकले.

वरच्या आणि खालच्या कडेपासून १ सेंमी आत रेघ मारा आणि दोन्ही कडांना दर १ सेंमीवर खुणा करा, डावी-उजवीकडे दोन-दोन सेंमी सोडून. अशा १२ खुणा बसतात. प्रत्येक खुणेवर कडेपासून रेघेपर्यंत नुसता सरळ काप द्या. त्रिकोणी खाच करू नका. सरळ काप दोरा चिमटीत धरतो, त्रिकोणी खाचेतून तो निसटतो. लहान वर्गासाठी हे कापण्याचं काम तुम्हीच करून आणा.

बारा का, हा प्रश्न शिक्षकच जास्त विचारतात. ताण्याचे धागे विषमच हवेत असा समज आहे. सपाट विणकामात सम-विषम काहीही चालतं, कारण कडेला वळताना बाणा आपोआप उलटा पडतो. शेवटी गाठी जोडी-जोडीनं मारायच्या असतात, म्हणून सम आकडा सोयीचा. विषम संख्या लागते ती गोल विणकामाला. तिथे बाणा वळत नाही, गोल-गोल फिरतच राहतो. धागे सम असले तर दर फेरीला तो त्याच धाग्यांच्या वरून जाईल आणि वीण बसणारच नाही.

ताणा मुलांनीच लावायचा

वेळ वाचवण्यासाठी शिक्षक ताणा लावलेले माग वाटतात. मीही वाटले आहेत. पण स्वतः ताणा लावलेल्या मुलाला पुढे काय बिघडलं ते कळतं, आयता मिळालेल्याला नाही कळत. एक अख्खा तास यासाठी ठेवा आणि मुलांना जोडीनं बसवा : एकानं पुठ्ठा धरायचा, एकानं दोरा फिरवायचा.

ताण्याला सुती, मजबूत, फारसा न ताणला जाणारा दोरा हवा. लोकर नको, ती आज घट्ट वाटते, उद्या सैल पडते. दोऱ्याचं टोक १५ सेंमी सोडून पुठ्ठ्याच्या मागे चिकटपट्टीनं चिकटवा. वरच्या पहिल्या कापातून दोरा पुढे आणा, सरळ खाली खालच्या पहिल्या कापात, मग मागून वर दुसऱ्या कापात, पुन्हा पुढून खाली. असं बाराव्या कापापर्यंत. शेवटचं टोकही तेवढंच सोडून मागे चिकटवा. पुढे बारा सरळ उभे धागे दिसले पाहिजेत, मागे किंचित तिरके. एका मागाला सुमारे ५ मीटर दोरा लागतो, म्हणजे चाळीस मुलांना २०० मीटर.

ताण किती? नखानं छेडल्यावर धागा थरथरला पाहिजे, पण पुठ्ठा वाकता कामा नये. सैल पडलाच तर वरच्या कडेजवळ, समोरच्या धाग्यांखाली एक पेन्सिल आडवी सरकवा. ताण येतो आणि धागे उचलले गेल्यामुळे सुई घालायलाही जागा होते. विणकाम वर चढत जाईल तसा ताण वाढतो, तेव्हा पेन्सिल काढून घ्यायची.

आणखी एक छोटं काम, पण फार उपयोगाचं : ताण्याच्या दोन्ही कडेच्या धाग्यांखाली, पुठ्ठ्यावर, जाड पेननं एकेक उभी रेघ. ती कशासाठी ते खाली येईल.

बाणा

जाड लोकर, जुन्या कपड्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या, सुतळी, फिती, सगळं चालतं. पहिल्या कामाला मात्र जाड लोकरच द्या आणि तिचा रंग ताण्याहून ठळक वेगळा असू द्या, म्हणजे ओळ वाचता येते. ११ सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच विणायला, जाड लोकरीच्या सेंमीला चार ओळी धरल्या तर साठ ओळी होतात. वळणाची आणि टोकांची भर धरून माणशी ८ मीटर, वर्गाला ३२० मीटर.

एका वेळी १ मीटरच्या वर तुकडा देऊ नका. लांब धागा घेतला की काम लवकर होईल असं मुलांना वाटतं, आणि मग तो शेजाऱ्याच्या कोपरात अडकतो. तुकडे पटकन करायचे तर ५० सेंमीच्या फळीभोवती लोकर गुंडाळा आणि एकाच कडेला कापा. प्रत्येक तुकडा मीटरभराचा निघतो.

सुई बोथट टोकाची, मोठ्या भोकाची, शक्यतो प्लॅस्टिकची. नसेल तर आइस्क्रीमच्या काडीला भोक पाडा, किंवा लोकरीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते बुटाच्या नाडीसारखं कडक करा. विणकर ज्यातून बाणा फिरवतो त्याला धोटा म्हणतात. मुलं सुईलाच धोटा म्हणायला लागली तर म्हणू द्या.

सुरुवात लोकरीनं नाही, तर २ सेंमी रुंदीच्या कागदी पुठ्ठ्याच्या पट्टीनं करा. ती ताण्यातून वर-खाली घालून तळाशी बसवा. ही पहिली ओळ पक्का पाया देते आणि खाली झालरीला जागा राखते. तिच्यावर लोकरीची पहिली ओळ, ६-७ सेंमी शेपूट सोडून. मग पुढची ओळ वाचायचा नियम आणखी सोपा होतो : फक्त कडेचा धागा बघा. बाणा त्याच्या वरून बाहेर पडला असेल तर परत येताना खालून शिरायचं, खालून पडला असेल तर वरून. दर ओळीनंतर काट्या-चमच्यातल्या काट्यानं किंवा जुन्या कंगव्यानं ओळ खाली दाबायची. या दाबण्याचा मुलांना नाद लागतो. आवाजाची तयारी ठेवा.

तुकडा संपला की नवा धागा जुन्याच्या शेवटच्या चार-पाच धाग्यांवर त्याच वाटेनं दुहेरी घालून पुढे न्या. गाठ नको. दोन्ही शेपटं मागे सोडून द्या, ती नंतर सुईनं विणीत खुपसता येतात.

कंबर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण जवळजवळ प्रत्येक मुलाचं पहिलं काम इथेच बिघडतं. तळाशी ११ सेंमी रुंद असलेलं विणकाम मधे ७ सेंमीवर येतं. आम्ही वर्गात त्याला 'कंबर आली' म्हणतो. मुलांना वाटतं, घट्ट ओढलं म्हणजे नीटनेटकं. पण बाण्याला ताण्याच्या वरून-खालून नागमोडी जायचं असतं, त्याला सरळ रेषेपेक्षा थोडी जास्त लांबी लागते. ती न मिळाल्यानं तो कडेचे धागे आत खेचतो.

उपाय : बाणा आडवा सरळ ओढायचा नाही, डोंगरासारखी कमान करून ठेवायचा, आणि मग काट्यानं आधी कमानीचा माथा, नंतर दोन्ही उतार दाबायचे. कमानीतली जास्तीची लांबी ओळीत मुरते. पुठ्ठ्यावर मारलेल्या त्या दोन रेघा इथे कामी येतात. कडेचे धागे रेघेवरून आत सरकले की मुलानं स्वतः थांबायचं. तुम्ही वर्गात फिरताना "सैल सोड" असं वीस वेळा म्हणालात तरी जे होत नाही, ते रेघ करते. उलटही होतं, कमान फार मोठी केली की कडेला फासे लोंबतात. पण ते मला कमी खटकतं. लोंबता फासा आत ओढून घेता येतो, आलेली कंबर उसवल्याशिवाय जात नाही.

चुका वाचणं

मूल "बाई, चुकलं" म्हणत आलं की माग हातात घेऊ नका. विचारा, कुठे? बोट ठेवू दे. बाणा एका ठिकाणी दोन धाग्यांवर आडवा पडलेला दिसतोय? मग तिथे एक धागा सुटला. सलग दोन ओळी मिळून एकच जाड ओळ झालीये? मग परत येताना त्याच वाटेनं गेलास, आणि त्यामुळेच बाणा कडेच्या धाग्याला न अडकता मागे निघून येतोय. सुई ओढल्यावर मागचा धागाही येतोय? मग सुई पुठ्ठ्याच्या मागच्या ताण्यातूनही गेली. एवढ्या तीन गोष्टी वाचता आल्या की बहुतेक तक्रारी तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

पाच ओळी खालची चूक उसवायची का? दहा वर्षांखालच्या मुलाला मी विचारते आणि तो नको म्हणाला तर सोडून देते. कापड टिकायला त्यानं काही बिघडत नाही.

मोठ्या मुलांसाठी : वाट उघडणे

दहा-अकरा वर्षांच्या वर्गात तिसऱ्या-चौथ्या तासाला कुणीतरी वैतागून विचारतं, दर वेळी बारा धाग्यांतून सुई घालायची? हीच वेळ. एक फूटपट्टी ताण्यातून एकाआड एक घालायला सांगा आणि तिला कडेवर उभी करा. सगळे एकाआडचे धागे एकदम उचलले जातात, खालून बोगदा तयार होतो, सुई सरळ आरपार. वर्गात याला दाद मिळते.

परतीच्या ओळीसाठी मग मुलं स्वतःच दुसरी फूटपट्टी, उलट्या धाग्यांतून, घालून बघतात. ती चालत नाही. वरची पट्टी उभी करावी तर खालची पट्टी धाग्यांना अडवून धरते. इथे उत्तर देण्याची घाई करू नका, पाच मिनिटं भांडू द्या. मग एक काठी आणि दोऱ्याचे सहा फासे द्या : जे धागे पट्टीच्या खाली राहिले, त्या प्रत्येकाभोवती एक फासा, सगळे फासे काठीला बांधलेले. काठी उचलली की उरलेले धागे वर. फूटपट्टी आडवी करून वर सरकवली की ती मध्ये येत नाही. हातमाग मुळात या दोन हालचालींवर चालतो.

आता जीन्सच्या तिरक्या रेघा काढा. चौकटीच्या कागदावर बारा घरं रुंद पट्टी आखा. बाणा जिथे वरून जातो तिथे घर काळं, खालून जातो तिथे पांढरं. दोन काळी, दोन पांढरी, दोन काळी, असं पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत सगळं एक घर उजवीकडे सरकवा, तिसऱ्यात आणखी एक. कागदावर जिना दिसायला लागतो, आणि तोच मागावर उतरतो. बाराला चारनं भाग जातो म्हणून आकडा इथेही सोयीचा पडतो. यात कडेचा धागा काही ओळींत बाण्यात अडकत नाही. वळताना मुद्दाम त्याच्याभोवतून बाणा घ्यायला सांगा.

मुलांनी आपापले नमुने चौकटीवर काढून एकमेकांना द्यावेत आणि दुसऱ्याचा नमुना वाचून विणावा. १८०४ मध्ये जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीवर चालणारा माग बनवला : भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथला नाही. मुलांच्या चौकटींतलं काळं-पांढरं तेच आहे. पुढे इंग्लिश गणिती चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या, म्हणजे संगणकाच्या पूर्वजाच्या, आराखड्यात अशीच भोकांची कार्डं घेतली, हे सांगितलं की मागच्या बाकांवरचे संगणकवालेही मान वर करतात.

तासाचं व्यवस्थापन

चाळीस मिनिटांतली पहिली पाच वाटपाला आणि शेवटची सात आवरायला धरा. प्रत्यक्ष विणायला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. साधं विणकाम कागदासकट पाच-सहा तास चालतं. मागाच्या पाठीवर नाव, सुई विणीत खोचून ठेवायची, लोकरीचं लोंबतं टोक पुठ्ठ्याभोवती गुंडाळायचं, आणि प्रत्येकाचा माग वेगळ्या पिशवीत. एका खोक्यात सगळे माग रचून ठेवलेत तर पुढच्या तासाला सगळ्यांचं मिळून एकच विणकाम झालेलं असेल. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळं काही लागत नाही, पहिली ओळ डावीकडून सुरू करू द्या. ज्यांचं लवकर होतं त्यांना दुसऱ्याचं पूर्ण करायला लावू नका. त्यांना गोल माग द्या, पंधरा किंवा सतरा काप असलेला.

मागावरून उतरवणे

वरच्या कडेपासून साधारण ३ सेंमी राहिले की थांबा, शेवटच्या ओळीत सुई जेमतेम जाते. उरलेली शेपटं मागच्या बाजूला विणीत खुपसा. मग माग उलटा करा आणि मागचे तिरके धागे बरोबर मध्यावर कापा. दोन-दोनच कापा, सगळे एकदम नाही. सगळे कापले की ताण जातो आणि वरच्या ओळी मुलाच्या हातात सुटतात. शेजारच्या दोन धाग्यांची गाठ विणीला अगदी टेकवून मारायची, मग पुढची जोडी. सहा जोड्या खाली, सहा वर. तळाची पुठ्ठ्याची पट्टी त्या बाजूच्या गाठी मारायच्या वेळी ओढून काढा. मोकळ्या झालेल्या जागेत पहिली ओळ थोडी खाली सरकेल, तिला तसं न सरकू देता गाठ वरपर्यंत न्या.

वरच्या गाठींमधून एक काडी ओवली की भिंतीवर टांगता येतं. मी टांगताना दर दोन-तीन नमुन्यांत एक उलटा लावते, मागची शेपटं दिसतील असा. कोणता धागा कुठे संपला आणि कुठे जोडला, हे पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या बाजूनं वाचता येतं.